महेश्वरचा फ्लेक्स उतरेना

स्वतःच्याच अभिनंदनाचा फ्लेक्स उतरवणं हे काम ऐकायला अगदी सोपं वाटतं. चार दोऱ्या सोडायच्या, गुंडाळी करायची, काखेत मारायची आणि घरी यायचं. महेश्वरलाही तसंच वाटलं होतं. तो इंजिनिअर होता, त्यामुळे कुठलंही काम सुरू करण्याआधी ते त्याला सोपंच वाटायचं.

फ्लेक्स बाळीवेशीच्या मागच्या चौकात, विजेच्या खांबापासून पिठाच्या गिरणीच्या छज्ज्यापर्यंत ताणून बांधला होता. वर कुणा एका भाऊंचा हात जोडलेला फोटो. भाऊंना महेश्वर नावाचा प्राणी जगात आहे हेही ठाऊक नव्हतं, पण भाऊ वर असल्याशिवाय त्या चौकात बारशाचासुद्धा फ्लेक्स लागत नाही. खाली शुभेच्छुकांची रांग, त्यातल्या निम्म्यांच्या डोळ्यांवर गॉगल. आणि मधोमध महेश्वर. म्हणजे मानेपासून वर महेश्वर. मानेखालचा कोट दुसऱ्याच कुणाचा तरी होता. चेहरा इतका उजळून काढला होता की महादेवीनं, म्हणजे त्याच्या सख्ख्या आईनं, पहिल्यांदा बघितल्यावर "ह्यो कोण म्हणायचा?" असं विचारलं होतं. "हैदराबादच्या बहुराष्ट्रीय कंपनीत भरघोस पगारावर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" असा मजकूर होता, आणि खाली पॅकेजचा आकडा. पॅकेज हे वर्षाचं असतं, महिन्याचं नसतं, हे महेश्वरनं चार जणांना समजावून सांगून बघितलं. चौकाला ते मान्य झालं नाही.

फ्लेक्स लागल्यावर दोनच दिवसांनी कंपनीचा मेल आला. मेल मोठा गोड होता. कंपनीला महेश्वरचा अभिमान होता, त्याच्यात तिला उज्ज्वल भविष्य दिसत होतं, आणि तूर्त बाजाराची परिस्थिती पाहता रुजू होण्याची तारीख पुढं ढकलण्यात येत होती. नवी तारीख यथावकाश कळवली जाणार होती. महेश्वरनं लगेच फोन लावला. पलीकडच्या बाईंनी हसऱ्या आवाजात सांगितलं, की काळजी करू नका, तुम्ही आमच्या कुटुंबातलेच आहात. महेश्वरनं विचारलं, मग घरी कधी येऊ? यावर फोनवर संगीत सुरू झालं आणि ते संपलंच नाही.

एखादा त्याच दिवशी घरात सांगून मोकळा झाला असता. पण महेश्वरच्या घरात अप्पा होते. अप्पा, म्हणजे गुरुबसप्पा, चाटी गल्लीतल्या एका कापडदुकानात तीस वर्षं गिऱ्हाइकांपुढं साड्या उलगडत आले होते. उलगडलेल्या साड्यांपैकी बहुतेक न खपता परत घडी करून ठेवायच्या असतात, त्यामुळे अप्पांचा स्वभाव शांत झाला होता. फ्लेक्स लागल्यापासून मात्र ते बदलले होते. दुकानातून घरी यायचा जवळचा रस्ता सोडून ते लांबचा, चौकातला रस्ता धरू लागले. फ्लेक्सखालच्या टपरीवर चहा सांगायचे, वर न बघता उभे राहायचे आणि कुणीतरी विचारायची वाट बघायचे. कुणी विचारलं की, "व्हय, आमचाच हाय," एवढंच म्हणायचे. पण त्या एवढ्यासाठी दोन-दोन कप चहा व्हायचा. अशा माणसाला कसं सांगायचं?

त्यामुळे महेश्वरनं "पुढच्या आठवड्यात जायचंय" असं सांगितलं, आणि पुढचा आठवडा आल्यावर परत तेच सांगितलं. आईनं प्रवासासाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून ठेवली होती. ती घरातच खाऊन संपली. मग तिनं पुन्हा बांधली. तीही संपत आली तशी ती म्हणाली, "हैदराबाद हितंच आलंय काय रे?"

शेजारचे धोंडीराम काका तर मोकळेच होते. ते एसटीत कंट्रोलर होते, त्यामुळे कुणी कुठं जावं, कधी निघावं आणि वाटेत कुठं थांबावं हे सांगितल्याशिवाय त्यांना निवृत्तीनंतरही चैन पडत नसे. तरुणांनी विशीत पैसा कसा सांभाळावा यावर त्यांचा मोठा अभ्यास होता, आणि स्वतःच्या तिन्ही पोरांनी तो ऐकून घ्यायला नकार दिल्यानं तो सगळाच्या सगळा शिल्लक होता.

"पयला पगार आला की प्लॉट बघ," सोमवारी काका म्हणाले. "होटगी रोडला. माझ्या वळखीचा माणूस हाय."

मंगळवारी ते म्हणाले, "प्लॉट नको रे बाबा, कोर्टकचेरी मागं लागती. सोनं घे."

बुधवारी ते एक पॉलिसीचा कागद घेऊनच आले. त्यांचा पुतण्या विमा काढायचा. "तरणेपणी माणसानं सोताला बांधून घ्यावं, म्हंजी उधळायचं सुचत न्हाई. आन् हितं एक सही कर, पतसंस्थेत मला जामीन लागतोय."

महेश्वरच्या खात्यात तेव्हा कमीत कमी जेवढी रक्कम ठेवावी लागते तेवढीही नव्हती, आणि ती नाही म्हणून बँक उरलेल्यातूनच दंड कापून घेत होती. पण हे सांगायची सोय नव्हती. "पेन विसरलो," असं म्हणून तो आत गेला आणि मागच्या दारानं बाहेर पडला.

मागच्या दारानं तो जो निघाला तो थेट अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेला. तिथं वीरभद्रप्पा शेठचा टॉवेलचा कारखाना होता आणि तिथं माणूस पाहिजे असल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. परदेशातल्या गिऱ्हाइकांना मेल लिहायचे, नमुने पाठवायचे आणि माल परत आला तर का परत आला हे शोधून काढायचं, असं काम. शेठच्या टेबलावर एका परदेशी गिऱ्हाइकाची तक्रार बरेच दिवस उत्तराविना पडून होती. महेश्वरनं ती वाचली, खाली दोन खात्यांत चौकशी केली आणि तिथंच बसून उत्तर लिहून दिलं. लिहिताना त्याच्या लक्षात आलं की गेल्या कित्येक महिन्यांत आपल्याला इतकं बरं वाटलेलं नाही. त्याला ती नोकरी हवीशी झाली. खरोखर हवीशी, हैदराबादच्या नोकरीपेक्षाही जास्त. इथं निदान टॉवेल हातात धरून बघता येत होता.

शेठही खूश झाले. मग त्यांनी त्याच्याकडं निरखून बघितलं.

"तुला कुटंतरी बघितलंय. बाळीवेशीच्या मागं फ्लेक्स हाय बघ, त्यो तुझा भाऊ काय?"

"मीच आहे तो."

"त्यो तर लई गोरा हाय की."

महेश्वरनं मग सगळं सांगितलं. मेल, ढकललेली तारीख, फोनवरचं संगीत. शेठनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"ह्याच्या आधी एक पोरगं ठेवलं होतं. सगळं शिकिवलं, परदेशी पाव्हण्यांची वळख करून दिली. एक दिवस बेंगळूरहून फोन आला, तर जेवणाचा डबा हितंच ठेवून पळालं बघ. डबा अजून हाय कपाटात. तुझं तर आख्खा चौक सांगतोय, तू त्या कंपनीचा हाईस म्हणून. मी एकट्यानं कसं म्हणायचं, माझा हाईस?"

"मी काय करू मग?"

"त्यो फ्लेक्स उतरव. सोमवारी परदेशी पाव्हणे यायलेत, त्या आधी मला माणूस पायजे. फ्लेक्स उतरला तर सोमवारी ये. न्हाईतर दुसरा बघून ठेवलाय मी."

बुधवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ. चार दोऱ्या. महेश्वर परतताना शिटी वाजवत आला.

फ्लेक्स लावला होता चौकातल्या मित्रमंडळानं, आणि मित्रमंडळ म्हणजे मुख्यतः तिप्पण्णा. तिप्पण्णा महेश्वरचा शाळेतला मित्र, मोबाइलच्या रिचार्जचं दुकान चालवायचा आणि उरलेला वेळ अध्यक्ष असायचा.

"तिप्या, तो फ्लेक्स उतरव बे," महेश्वर म्हणाला.

"का बे? कोण काय बोललं काय? नाव सांग."

"कोण न्हाई. मलाच कसंतरी वाटायलंय ते बघून."

तिप्पण्णानं दुकानातून बाहेर येऊन, कमरेवर हात ठेवून फ्लेक्सकडं बराच वेळ बघितलं. मग त्यानं महेश्वरच्या खांद्यावर हात ठेवला. "बराबर हाय तुझं. कोट ढगळा झालाय. मला पयल्या दिवशीच डाऊट आला होता."

महेश्वर "तसं नाही रे" म्हणेपर्यंत तो फोनला लागला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लेक्स खरोखरच उतरलेला दिसला. महेश्वरनं आनंदानं आईकडून चहा मागून घेतला आणि तो पिऊन होईतो चौकात नवा फ्लेक्स चढला. हा आधीच्याच्या दुप्पट होता. निळा कोट, मापाचा. मागं काचेची उंच इमारत, इमारतीवरून जाणारं विमान. भाऊंचा फोटोही मोठा झाला होता, कारण महेश्वर मोठा केल्यावर भाऊ तेवढेच ठेवणं बरं दिसलं नसतं. वाढीव खर्च मंडळानं सोसला होता, आणि "दोस्तासाठी कायबी" असं तिप्पण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता.

मैत्रीनं काम होत नाही म्हटल्यावर माणूस सरकारकडं वळतो. फ्लेक्सचं खातं ज्या कार्यालयात होतं तिथल्या खिडकीवर प्रतीक्षा मॅडम नावाच्या बाई होत्या. वयानं महेश्वरएवढ्याच असतील, पण खिडकीपलीकडं बसल्यानं मोठ्या वाटत होत्या.

"एका फ्लेक्सबद्दल तक्रार द्यायची आहे," महेश्वर म्हणाला. "विनापरवाना आहे."

"कुणाचा?"

"माझा."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "विनापरवाना असेल तर दंड होईल."

"कुणाला?"

"ज्याचा फोटो सगळ्यात मोठा त्याला."

"नाही, नाही, परवाना असेलच," महेश्वर घाईनं म्हणाला. "परवाना आहे. फक्त मला तो नको आहे."

"परवाना असेल तर मुदत संपेपर्यंत आम्हाला हात लावता येत नाही. ज्यांनी लावला त्यांनी अर्ज करायचा."

"पण त्यातला माणूस मी आहे. माझी हरकत आहे म्हणून नाही का काढता येणार?"

तसा नियम असावा असं मॅडमना वाटलं. त्यांनी फ्लेक्सचा फोटो मागितला. महेश्वरनं मोबाइलवर दाखवला. त्यांनी फोटोकडं बघितलं, महेश्वरकडं बघितलं आणि म्हणाल्या, "हे तुम्ही नाही."

"मीच आहे हो."

"आधार कार्ड द्या."

आधार कार्डावरचा फोटो बारावीत असताना उन्हातून पळत जाऊन काढलेला होता. मॅडमनी कार्ड, मोबाइल आणि महेश्वर ओळीनं बघितले, मग शेजारच्या टेबलावरच्या साहेबांनाही दाखवले. दोघांचंही एकमत झालं, की ही तीन वेगवेगळी माणसं आहेत आणि त्यातल्या एकालाही दुसऱ्याबद्दल हरकत घेता येणार नाही. महेश्वर वळला तेव्हा मॅडमनी त्याला परत हाक मारली. सरकारी आवाज बाजूला ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "बाकी अभिनंदन हं. माझा भाऊ पण इंजिनिअर आहे. त्याचा बायोडेटा देऊन ठेवू का? तुमच्या कंपनीत कुठं चिकटला तर बघा."

स्वतःची ओळख पटलेली नसताना महेश्वर दुसऱ्याचा बायोडेटा घेऊन घरी आला.

आता स्वतःच चढायचं, एवढंच उरलं होतं. शनिवारी दिवस उगवायच्या सुमारास त्यानं गिरणीवाल्याची शिडी लावली. पहिली दोरी सुटली. दुसरी सुटली तसा फ्लेक्सचा निळ्या कोटाकडचा भाग सुटून त्याच्या डोक्यावर आला, आणि महेश्वर शिडीच्या टोकाला, फ्लेक्समधल्या स्वतःच्याच पोटाखाली अडकून उभा राहिला. तेवढ्यात खालून आवाज आला.

"कोण हाय रे त्यो? महेश्वर!"

धोंडीराम काका आणि त्यांचा सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा घोळका. महेश्वरनं फ्लेक्समधून तोंड बाहेर काढलं.

"वाऱ्यानं सुटला व्हय? आन् तू सोताच बांधायलाईस? बघा रे बघा, ह्याला म्हणायचं पोरगं! एवढी मोठी नोकरी, पण मंडळाला तरास द्यायला गेला न्हाई!"

"काका, मी बांधत नाही, मी..."

"गाठ चुकली तुझी. सरक, खाली ये."

काका स्वतः शिडीवर चढले. तरुणपणी एसटीच्या टपावर बोजे बांधायची गाठ त्यांना येत होती; ती त्यांनी चारही कोपऱ्यांना मारली. दोघांनी शिडी धरली, आणि एकानं तर महेश्वर वर असतानाच फोटो काढून घेतले होते. अंघोळ होईतो ते फोटो गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आले होते. "एवढ्या उंचीवर जाऊनही पाय जमिनीवर," असं खाली लिहिलं होतं. फोटोत महेश्वर शिडीवर होता.

आणि त्या फोटोनं घात केला. दुपारी तिप्पण्णा धावत घरी आला. मंडळाच्या बैठकीत एकमतानं ठरलं होतं, की असा साधा आणि यशस्वी मुलगा हैदराबादला जाण्याआधी त्याचा चौकातल्या पोरांना फायदा झाला पाहिजे. रविवारी संध्याकाळी चौकातल्याच सभामंडपात व्याख्यान. विषय, "विशीतच व्हा श्रीमंत! करिअर आणि पैशाचे नियोजन." फ्लेक्सच्या खाली तशी पट्टीही चिकटवून झाली होती.

"मी नाही बोलणार," महेश्वर म्हणाला.

"का?"

का, ते सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि बघितलं तर अप्पा दारात उभे. दुकानातून जेवायला आले होते. त्यांनी बातमी ऐकली होती. आत जाऊन त्यांनी ठेवणीतलं धोतर बाहेर काढलं आणि महादेवीला म्हणाले, "हे जरा बघ, उद्या लागंल."

महेश्वरचं तोंड मिटलं.

त्या दिवशी तो मोबाइलमध्ये डोकं घालून तरुणांनी पैसा कसा सांभाळावा हे शोधत बसला. पगार आला की आधी बचतीचं बाजूला काढा, असं सगळेच सांगत होते. पगार येण्यासाठी काय करावं हे कुणीच सांगत नव्हतं. अडीअडचणीसाठी सहा महिन्यांचा खर्च जवळ ठेवा, असं एका सुटाबुटातल्या माणसानं सांगितलं होतं. महेश्वरनं स्वतःच्या सहा महिन्यांच्या खर्चाचा अंदाज काढला. तो सगळा आईबापाच्या जेवणात मिसळलेला असल्यानं वेगळा काढता येईना. त्याला फार वाईट वाटलं. चोवीस वर्षांच्या घोड्यानं बापाचं खायचं आणि चौकात श्रीमंतीवर बोलायचं, याची त्याला शरम वाटली.

रविवारी सभामंडप भरून गेला. भाषण ऐकायला तरुण येत नाहीत हा समज खोटा ठरला, कारण शेवटी भेळ होती. पुढच्या ओळीत अप्पा ठेवणीतल्या धोतरात, हातात मोबाइल उभा धरून, चित्रण करायला तयार. शेजारी महादेवी. आणि व्यासपीठावर प्रमुख पाहुणे म्हणून वीरभद्रप्पा शेठ. दरवर्षी मंडळाला घसघशीत वर्गणी द्यायचे, म्हणून त्यांना बोलावलं होतं. महेश्वरला बघून त्यांनी नुसतं वरती, फ्लेक्सच्या दिशेनं, बोट केलं. महेश्वरनं मान खाली घातली.

शाल, श्रीफळ, फेटा झाला. फेटा त्याच्या डोक्याला मोठा होता आणि कानांवर उतरत होता. तिप्पण्णानं ओळख करून देताना पगाराचा आकडा सांगितला, तो अर्थातच महिन्याचा. मग महेश्वर उभा राहिला. बचतीबद्दल दोन वाक्यं बोलला. पोरं वहीत लिहून घेत होती, हे त्याला बघवेना. तेवढ्यात मागच्या ओळीतल्या एकानं हात वर केला.

"दादा, तुमी पयल्या पगारातनं किती ठिवणार मागं?"

"मला पगार नाही," महेश्वर म्हणाला.

मंडप हसला.

"खरंच नाही. नोकरीच नाही. कंपनीनं तारीख पुढं ढकलली, आता ते बोलावतील असं वाटत नाही. मी घरात बसून आहे. हा फ्लेक्स काढा म्हणून मी चार दिवस फिरतोय. मला पैशाचं काहीही कळत नाही, माझ्याजवळ पैसेच नाहीत."

मग तिप्पण्णानं झडप घालून माईक ओढला. "बघा! याला म्हणतात साधेपणा! सगळं मिळूनसुद्धा म्हणतोय, माझ्याजवळ काय न्हाई! वाजवा टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. धोंडीराम काका तर उभे राहून वाजवू लागले. महेश्वर हातवारे करून "अहो, खरंच!" म्हणत होता, तसतसा टाळ्यांचा जोर वाढत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यालाही टाळ्या पडल्या.

अप्पांनी हातातला मोबाइल खाली केला. ते हळूहळू उठले, व्यासपीठाजवळ आले आणि खालूनच त्यांनी विचारलं, "खरं सांगायलाईस?"

"व्हय अप्पा."

"कधीपास्नं?"

"फ्लेक्स लागला त्याच आठवड्यात कळलं. तुम्ही रोज टपरीवर उभे राहायचात. मला सांगवलं नाही."

अप्पांनी तिप्पण्णाकडं हात केला. तिप्पण्णानं मुकाट्यानं माईक दिला. तीस वर्षं ज्या आवाजात "बघा की, पदर बघा" म्हटलं होतं, त्याच मऊ आवाजात अप्पा बोलले, "टाळ्या बंद करा. पोरगं खरं बोलायलंय. माझ्या पोराला नोकरी न्हाई. रिकामं हाय." मग म्हणाले, "फ्लेक्सवर मीच लई फिदा झालो. त्याला बोलायला जागाच ठिवली न्हाई मी. तुमी त्यो उतरवा."

महादेवीनं डोळ्यांना पदर लावला. मग खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला आणि वीरभद्रप्पा शेठ उठले. "रिकामा हाय म्हणता न्हवं? आख्ख्या चौकापुढं? मग झालं की." महेश्वरकडं वळून म्हणाले, "सकाळी ये कामावर." एवढं बोलून ते जायला निघाले, कारण त्यांना भेळ चालत नव्हती.

तिप्पण्णा पोरं घेऊन फ्लेक्सकडं धावला. काकांच्या गाठी काही सुटेनात. काका खाली उभे राहून "न्हाई सुटायची, माझी गाठ हाय ती," असं अभिमानानं सांगत राहिले. शेवटी दोऱ्या कापाव्या लागल्या. महेश्वर बघायलाही थांबला नाही. तो आणि अप्पा मंडपाच्या मागच्या बाजूनं बाहेर पडले. बरंच अंतर गेल्यावर अप्पांनी विचारलं, "पगार किती म्हणाले शेठ?"

"काही बोलले नाहीत."

"तू इचारलास?"

"नाही. आत्ता कसं विचारणार? एवढ्या लोकांत त्यांनी आपली लाज राखली. बरं दिसत नाही अप्पा."

अप्पा थांबले. पोराची नोकरी गेली तेव्हा ते चिडले नव्हते, चौकात तोंडघशी पडले तेव्हाही चिडले नव्हते. आता त्यांचा चेहरा लाल झाला.

"बरं दिसत न्हाई? मीबी हेच म्हणलो होतो. नवीन लगीन, मालक म्हणले, उद्यापास्नं या. मी गेलो. इचारलं न्हाई. म्हणलं, दिवाळीला इचारू. दिवाळीला मालक पाकीट हातात द्यायचे आन् माझ्या पाठीवरनं हात फिरवायचे, पोराचं शिक्षण कसं चाललंय म्हणायचे. एवढ्या मायेनं बोलणाऱ्या माणसाला पगार कसा इचारायचा? मग पुढची दिवाळी. मग त्याच्या पुढची. तीस वर्षं बरं दिसलो मी, महेश. तीस वर्षं!"

महेश्वरनं आपल्या बापाला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"जा. शेठची गाडी अजून निघायची हाय. इचारून ये."

"अप्पा, फेटा तरी काढू द्या."

"असू दे फेटा. जा म्हणलं की!"

महेश्वर पळाला. शालीचं टोक सावरत, कानांवर उतरलेला फेटा एका हातानं धरत तो गाडीपाशी पोचला तेव्हा ती सुरू झाली होती. त्यानं काचेवर टकटक केलं. काच खाली आली.

"काय रे?" शेठ म्हणाले.

"शेठ, पगार किती देणार?"

शेठनी त्याच्याकडं जरा आश्चर्यानं बघितलं, मग एक आकडा सांगितला. त्यानं मागं वळून पाहिलं. अप्पा कोपऱ्यावर, इकडं पाठ करून, बंद दुकानाची पाटी वाचत उभे होते. पाटी कन्नडमधली होती आणि अप्पांना कन्नड वाचता येत नव्हतं.

महेश्वर परत काचेकडं वळला.

"कमी आहे, शेठ," तो म्हणाला.

वीरभद्रप्पा शेठनी त्याला पायापासून फेट्यापर्यंत न्याहाळलं आणि ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगितली.